नावावर झालं म्हणजे मालकीचं झालं का? वारसा, घर-जमीन आणि दान यांविषयी वाचकांचे प्रश्न

बँकेतल्या नॉमिनीचे नियम बदलले, मृत्युपत्राला मुंबईत लागणारी प्रोबेटची (मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन प्रमाणपत्राची) सक्ती गेली, हक्कसोडपत्राचा मुद्रांक वाढला. एवढे बदल थोड्या काळात झाल्यामुळे या वेळी या विषयावरची पत्रे बरीच आली. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समज दिसला: सातबारावर, सोसायटीच्या दाखल्यावर किंवा बँकेच्या अर्जात नाव लागले की मालकी आली. तसे नसते, आणि घराघरांतली भांडणे नेमकी इथूनच सुरू होतात. खालील उत्तरे महाराष्ट्रात लागू असलेल्या तरतुदींना धरून दिली आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याचा उल्लेख येतो तिथे तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे असे समजावे.

प्रश्न : वडिलांनी २०१९ मध्ये मृत्युपत्र करून मुंबईतला फ्लॅट मला दिला. सोसायटीत नॉमिनी म्हणून मात्र धाकट्या भावाचे नाव आहे. सोसायटी आधी प्रोबेट मागत होती. आता प्रोबेट रद्द झाले असे ऐकतो. फ्लॅट थेट माझ्या नावावर होईल ना? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : प्रोबेट रद्द झालेले नाही, त्याची सक्ती रद्द झाली आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधील कलम २१३ नुसार मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेविषयी केलेल्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात त्याच्या आधारे हक्क सांगता येत नव्हता. चेन्नई आणि कोलकात्यालाही हाच नियम होता. पुण्या-नाशकात अशी सक्ती कधीच नव्हती, तरी तिथलीही कार्यालये आणि सोसायट्या सवयीने प्रोबेट मागत राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती करून हे कलमच काढून टाकले.

म्हणजे सोसायटीला आता ‘कायद्याने प्रोबेट लागते’ असे म्हणता येणार नाही. पण मृत्युपत्र खरे आहे का, याची खात्री तिला कुठून तरी करून घ्यावीच लागेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यातील कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र यांच्या आधारे हक्कदाराच्या नावे हस्तांतर करता येते. नॉमिनीला सोसायटी घेऊ शकते ती ‘तात्पुरता सभासद’ म्हणून, खरे वारस दाखल होईपर्यंतच. त्यामुळे भावाचे नाव नॉमिनी म्हणून असणे हा तुमच्या मार्गातला अडथळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितले: नॉमिनी मालमत्ता सांभाळतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. सोसायटीकडे अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची साक्षांकित प्रत, मूळ भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि सर्व कायदेशीर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र द्या. ‘सर्व’ म्हणजे आई, भाऊ आणि लग्न झालेल्या बहिणीसुद्धा. बहिणींची सही राहून गेल्यामुळे पंधरा वर्षांनी विक्री अडल्याची प्रकरणे नेहमी पाहायला मिळतात. वारसाच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीला हस्तांतर प्रीमियम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

भाऊ सही देत नसेल तर मात्र आमचा सल्ला स्पष्ट आहे: सक्ती नसली तरी प्रोबेटसाठी अर्ज करा. प्रोबेटचा निर्णय फक्त अर्जातल्या पक्षांवर नव्हे, सगळ्या जगावर बंधनकारक असतो. सोसायटीने आज नुसत्या मृत्युपत्रावर नाव लावले, तरी पुढे फ्लॅट विकताना खरेदीदाराला कर्ज देणारी बँक तोच प्रश्न पुन्हा विचारेल. एक मर्यादाही समजून घ्या. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र नीट केले गेले का, एवढेच पाहते. फ्लॅट खरोखर वडिलांचा होता की आईच्या पैशाने घेतला होता, हा वाद तिथे सुटत नाही, त्यासाठी वेगळा दावा लागतो. ज्यांचा प्रोबेटचा अर्ज आधीच दाखल आहे, त्यांनी केवळ कायदा बदलला म्हणून तो मागे घेऊ नये. वाद असेल तर तो अर्ज चालू ठेवण्यातच फायदा आहे.

प्रश्न : माझे लग्न १९९० मध्ये झाले. वडील २००१ मध्ये वारले. दोन एकर जिरायत जमीन आजोबा-पणजोबांपासूनची आहे. भाऊ म्हणतात, ‘२००३ मध्ये तोंडी वाटणी झाली, तू तलाठ्यासमोर हक्क नको म्हणून जबाब दिलास.’ आई हयात आहे. माझा काही हक्क उरला का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : उरला आहे, आणि तो भावांच्या बरोबरीचा आहे.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. पुढे अनेक वर्षे वाद चालला की, त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: वडील हयात असण्याची गरज नाही, मुलीचे लग्न कधी झाले याचाही संबंध नाही. अपवाद फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या पक्क्या वाटणीचा. पक्की म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. तोंडी वाटणी सरसकट चालत नाही. ती खरोखर झाली होती हे त्या काळच्या सरकारी कागदांनी ठामपणे सिद्ध झाले, तरच क्वचित मानली जाते. तुम्ही तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने हक्क जात नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर तो नोंदणीकृत दस्तानेच सोडावा लागतो. फेरफार हा महसूल वसुलीसाठीचा कागद आहे. त्याने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही.

फरक किती पडतो ते गुंठ्यांत पाहा. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. जुन्या पद्धतीने वडील, आई आणि दोन मुलगे असे चार सारखे वाटे धरले जात, म्हणजे प्रत्येकी २० गुंठे. मग वडिलांच्या २० गुंठ्यांचे आई, दोन मुलगे आणि तुम्ही असे चार भाग होत. तुमच्या वाट्याला ५ गुंठे आणि भावांना २५-२५. आता वाटे पाच: वडील, आई आणि तीन अपत्ये, प्रत्येकी १६ गुंठे. वडिलांचे १६ गुंठे चौघांत वाटले की प्रत्येकाला ४ मिळतात. तुमचे १६ अधिक ४, म्हणजे २० गुंठे. आईचे आणि दोन्ही भावांचेही तेवढेच.

इथे तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करायला असलेली मनाई, आड येते का, असेही काही पत्रांत विचारले आहे. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. तुमचा वाटा जेमतेम त्यात बसतो. वाटा त्याहून कमी पडला असता तरी हक्क बुडाला नसता. जमीन समाईक ठेवून सातबारावर आणेवारी (प्रत्येकाच्या हिश्श्याचे प्रमाण) लावता येते, किंवा वाट्याची किंमत घेता येते.

पहिले पाऊल म्हणजे सगळे जुने फेरफार, १९३० पासूनचे असतील तर तेही, मागवून घेणे. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते त्यांतून कळते, आणि यावरच सगळे अवलंबून आहे. कारण आजोबांनी स्वतः विकत घेतलेली जमीन १९५६ नंतर वारसाने वडिलांना आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता मानली जाते, लोक तिला ‘वडिलोपार्जित’ म्हणत असले तरी. तुमच्या उदाहरणात तसे निघाले तरी वाटा २० गुंठेच राहतो, कारण चार वारस आहेत. पण वडिलांनी मृत्युपत्र केलेले असेल तर चित्र पूर्ण बदलेल.

त्यानंतर तुमचे नाव सातबारावर नसेल तर वारस नोंदीसाठी अर्ज करा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांच्याकडे प्रत्यक्ष किंवा ई-हक्क प्रणालीवर तो करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे लागतात. नोंद आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत होते, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारसाने मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावे असे कायदा सांगतो, उशीर झाला तरी हक्क जात नाही. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि रेंगाळते. तिथे वर्षे घालवण्यापेक्षा दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावा आणि जमीन परस्पर विकली जाऊ नये म्हणून मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या.

आणि खरोखरच मनापासून भावांना जमीन द्यायची असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा मुद्रांक २०० ऐवजी ५०० रुपये झाला आहे. मात्र सही करण्यापूर्वी दस्त स्वतः वाचा, किंवा विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. ‘बँकेच्या कामासाठी’ म्हणून नेऊन हक्कसोडीवर सही घेतली जाते, आणि नोंदलेला दस्त रद्द करायचा तर फसवणूक सिद्ध करावी लागते, तीही कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावून.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पती वारले, मूलबाळ नाही. पगारातून घेतलेला फ्लॅट आणि ठेवी आहेत. सगळे माझ्या भाचीला मिळावे अशी इच्छा आहे. सासरच्यांशी तीस वर्षांत संबंध नाही. मृत्युपत्र न केल्यास काय होईल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सगळे सासरच्यांना जाईल. हे वाक्य कठोर वाटते, पण कायदा आज असाच आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे स्त्रीच्या पश्चात पहिला हक्क मुलांचा आणि पतीचा. ते नसतील तर पतीच्या वारसांचा, म्हणजे दीर, नणंद, त्यांची मुले. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी, मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतःच्या कमाईला ही सवलत नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरहून घालवून दिलेल्या आणि माहेरी राहून शिकून नोकरी केलेल्या एका स्त्रीची सगळी बचत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याच कलमामुळे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना द्यावी लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः अशा स्थितीतील हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. आमचेही तेच सांगणे आहे, आणि ते पुढच्या महिन्यावर टाकू नका.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर चालते, स्वतःच्या अक्षरात असेल तर उत्तम. दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहून तुमच्या समोर सही केली पाहिजे. आधी तुम्ही सही करून ठेवली आणि साक्षीदारांनी नंतर आपापल्या घरी केली, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. पुढे न्यायालयात निदान एका साक्षीदाराला साक्ष द्यावी लागते, म्हणून तुमच्याहून वयाने बरेच लहान आणि सहज सापडतील असे दोघे निवडा. भाची किंवा तिचा नवरा साक्षीदार नको. हिंदूंच्या मृत्युपत्रात लाभार्थी साक्षीदार असल्याने देणगी आपोआप बाद होत नाही, पण संशयाला जागा होते. त्याच दिवसाचे डॉक्टरांचे ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असल्याचे प्रमाणपत्र जोडा.

मजकुरात फ्लॅटचे पूर्ण वर्णन, ठेवी कोणत्या बँकेत आणि कोणत्या शाखेत, आणि ‘याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल ती’ हे वाक्य विसरू नका. हे वाक्य नसेल तर पुढे काढलेली नवी ठेव किंवा थकबाकी म्हणून आलेले निवृत्तिवेतन पुन्हा कलम १५ खाली जाते. भाची तुमच्या आधी गेल्यास कोणाला, हेही लिहा. सासरच्यांना का देत नाही ते एका ओळीत सांगा, अपशब्द नकोत. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून एक नाव द्या.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात १०० रुपये शुल्कात होते आणि तुमच्यासारख्या प्रकरणात ती करावी. मजकूर कोणाला दाखवायचा नसेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. नंतर मन बदलले तर नवे करता येते. शेवटचे वैध मृत्युपत्र खरे, मग आधीचे नोंदणीकृत असले तरी.

मुस्लिम वाचकांसाठी एक ओळ : वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता देता येत नाही, म्हणून त्यांनी हे उत्तर जसेच्या तसे लागू करू नये.

प्रश्न : बँकेत चार नॉमिनी ठेवता येतात म्हणे. चारही मुलांची नावे टाकली की वाटणी झाली ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी देता येतात. एकत्रित पद्धतीत प्रत्येकाची टक्केवारी लिहायची, बेरीज १०० झाली पाहिजे. क्रमवार पद्धतीत पहिला नसेल तर दुसरा. लॉकरला फक्त क्रमवार पद्धत चालते. पण हे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे याचे नियम आहेत. हाती आलेले पैसे वारसांचे किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचे असतात. म्हणून टक्केवारी आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळवून घ्या. नाहीतर एका कागदावर २५ टक्के, दुसऱ्यावर ५० आणि मुले न्यायालयात.

ज्यांनी नॉमिनी दिलेलाच नाही त्यांच्या घरच्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश उपयोगी आहेत. ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत होती. वाद नसेल तर १५ लाखांपर्यंतच्या, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला न्यायालयाचे प्रमाणपत्र मागायचे नाही, आणि कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत निपटारा करायचा. शाखेत अर्ज दिल्याची तारखेसह पोच घ्या. उशीर झाल्यास भरपाईचा हिशोब त्या तारखेवरच होतो.

प्रश्न : तहसीलदारांचा वारस दाखला आहे. तरी नगर भूमापन कार्यालय ‘न्यायालयाचे आणा’ म्हणते. नेमके कोणते आणायचे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : तहसील पातळीवरचा दाखला निवृत्तिवेतनासारख्या मर्यादित कामांपुरता असतो. न्यायालयाची प्रमाणपत्रे दोन आणि कामे वेगळी. बँक ठेवी, शेअर्स, येणे रकमा यांसाठी १९२५ च्या कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र. घर-जागेसाठी १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस प्रमाणपत्र. इतका जुना विनियम महाराष्ट्रात अजून चालतो. लोक पहिले काढतात आणि घराच्या नोंदीसाठी जातात, मग सगळी फेरी वाया जाते. मृत व्यक्तीचे दोन्ही असेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी तसे सांगा.

अर्जात वारस लिहिताना मृत व्यक्तीची आई गाळू नका. विवाहित मुलगा वारला की लोक पत्नी आणि मुले एवढीच नावे देतात. आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे, वडील मात्र नाहीत.

प्रश्न : ख्रिस्ती कुटुंब आहे. काकांनी मृत्यूच्या चार महिने आधी मृत्युपत्र करून घर अनाथाश्रमाला दिले. नातेवाईक म्हणतात बारा महिने आधी केले नसल्याने ते बाद. (एक वाचक, वसई)

उत्तर : ती अट भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ मध्ये होती आणि जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. दुसरी हरकत नसेल तर मृत्युपत्र चालेल.

प्रश्न : राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिले. आता तो घरात राहू देत नाही. घर परत मिळेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चे कलम २३ यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, रद्द ठरवता येते. अडचण असते ती अट दाखवण्याची. बहुतेक बक्षीसपत्रांत ‘प्रेमापोटी व आपुलकीने’ एवढेच लिहिलेले असते. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट न लिहिलेल्या दस्तावर दाद नाकारली होती. जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात मात्र बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने लिहून दिलेले वचनपत्र ग्राह्य धरले, कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायचा असे सांगितले, आणि न्यायाधिकरण ताबाही देऊ शकते हे स्पष्ट केले. त्यामुळे दस्ताबाहेरचे काही लिखाण, पत्र, मोबाइलवरचा संदेश आहे का ते शोधा.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, वय ६० पूर्ण हवे. याच अर्जात दरमहा निर्वाह रक्कमही मागा, तिची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील.

ज्यांनी अजून दस्त केलेला नाही त्यांना कळकळीने सांगतो: राहते घर हयातीत देऊन टाकू नका, मृत्युपत्र करा. मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना निवासी घर दिल्यास मूळ मुद्रांक फक्त २०० रुपये आहे, म्हणून लोक घाई करतात. (भावाला किंवा बहिणीला दिल्यास दर ३ टक्के.) द्यायचेच असेल तर सांभाळाची अट आणि पती-पत्नी दोघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क दस्तातच लिहा. ताबा स्वतःकडे ठेवूनही नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध राहते.

प्रश्न : आईने मला कुलमुखत्यारपत्र दिले होते. ती वारली. त्यावर प्लॉट विकू शकतो का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नाही. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपले. त्यावर केलेली विक्री तुमच्यावर फौजदारी प्रकरण आणू शकते. आधी सर्व वारसांची नावे लावा, मग सर्वांनी मिळून विका.

प्रश्न : वडिलांनी १९८८ मध्ये घेतलेले घर आम्ही तीन भावंडांनी विकले. वारसाने आले म्हणून कर नाही ना? एक बहीण परदेशात असते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वारसाने मिळताना कर नाही, इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) १९८५ मध्येच गेली. विकताना भांडवली नफ्यावर कर आहे. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, पण ते त्या दिवशीच्या शासकीय मूल्यापेक्षा जास्त नको. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. समजा ते १० लाख आणि विक्री २०२५-२६ मध्ये ६० लाखांना. महागाई निर्देशांक ३७६ लावला की किंमत ३७.६० लाख होते, नफा २२.४० लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ४.४८ लाख. निर्देशांक न लावता ५० लाखांवर १२.५ टक्के म्हणजे ६.२५ लाख. अधिभार व उपकर वेगळे. २३ जुलै २०२४ पूर्वीच्या घर-जमिनीला भारतातील रहिवाशांना यांतला कमी आकडा निवडता येतो. परदेशस्थ बहिणीला तो पर्याय नाही, तिला १२.५ टक्केच. म्हणजे सारखा वाटा असूनही तिचा कर जास्त येईल. हे विक्रीआधी तिघांनी बोलून घेतले तर मनात किंतु राहत नाही.

प्रश्न : शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला माझे घर द्यायचे आहे. आयकरात ८०-जी ची सवलत मिळेल? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : घराच्या दानाला मिळणार नाही. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तू किंवा स्थावर मालमत्तेला नाही. रोख रक्कमही २,००० रुपयांपर्यंतच चालते आणि जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवर काय लिहिले आहे ते सल्लागाराला दाखवा.

तरीही घर द्यायचे असेल तर दोन मार्ग आहेत. हयातीत बक्षीसपत्र केले तर ट्रस्टला नात्यातली मुद्रांक सवलत मिळत नाही, विक्रीखताच्या दराने शुल्क भरावे लागते. ट्रस्टने ठराव करून ते तुमच्या हयातीतच स्वीकारले पाहिजे. मृत्युपत्राने दिले तर शुल्क नाही. त्यात संस्थेचे नुसते नाव लिहू नका, नोंदणी क्रमांकही लिहा, कारण एकाच नावाच्या अनेक संस्था असतात. घराऐवजी शेतजमीन असेल तर दोन्ही मार्गांत आधी कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने जमीन देऊन ती अट चुकवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

देण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट-१ चा ताजा उतारा मागा. तुमच्याशी बोलणारे विश्वस्त त्यात आहेत का, आणि ट्रस्टच्या आधीच्या मालमत्ता नोंदल्या आहेत का, हे दोन्ही तिथे दिसते. नोंदच नसलेली मालमत्ता पुढे कोणाच्या खिशात गेली हे कोणालाच कळत नाही.

प्रश्न : आमच्या देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी वारले. नवे निवडले, पण बदल अर्ज राहून गेला. आता ट्रस्टची जागा भाड्याने द्यायची आहे. (एक विश्वस्त, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आधी बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची खबर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला म्हणून आता विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कारण खरे लिहा. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, ठराव, नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र लागेल. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा एकाच कारणाने: ट्रस्टच्या घटनेत सभेची नोटीस अमुक दिवस आधी असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ती कमी दिवसांची निघते. तसे झाले असेल तर जुनी कागदपत्रे ‘दुरुस्त’ करू नका, नव्याने सभा घ्या. त्याआधीचे बदल अर्ज प्रलंबित असतील तर तेही आधी निकाली काढून घ्या, नाहीतर तुमचा अर्ज त्यांच्या मागे अडकतो.

नवे विश्वस्त तहहयात नेमले असतील तर पुन्हा विचार करा. २०२५ मध्ये कायद्यात आलेल्या बदलाचा रोख तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशापर्यंत ठेवण्याचा आहे. तुमच्या घटनेत मुदतीविषयी काय लिहिले आहे ते अर्ज करण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

भाड्याचे म्हणाल तर इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस यांना तर ती नेहमीच लागते. अकरा-अकरा महिन्यांचे करार एकाच भाडेकरूशी लागोपाठ करून ही अट टाळण्याचा मोह होतो. वाद झाला तर न्यायालय सगळे करार एकत्र वाचते, आणि जबाब विश्वस्तांना द्यावा लागतो. जाहिरात देऊन प्रस्ताव मागवा, आलेले सर्व प्रस्ताव ठरावात नोंदवा, भाडे ट्रस्टच्या बँक खात्यातच घ्या आणि अनामत रक्कम ताळेबंदात वेगळी दाखवा.